शेवटचं काम कधी सोडलं?

बाळ आमच्या कक्षात आलं की आधी वजन, मग तापमान, मग साखर. आईबद्दल केसपेपरवर मोजकंच असतं: वय, कितवी खेप, हिमोग्लोबिन, बीपी. मी कडेला पेनानं आणखी एक ओळ लिहिते, शेवटचं काम कधी सोडलं. एका डॉक्टरांनी विचारलं, सिस्टर, याचा उपयोग काय? उपचारात काही फरक पडत नाही, हे त्यांचं बरोबर आहे. तरी लिहिते.

मी खान्देशातल्या एका सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात काम करते. माहेर चोपड्याकडचं. आमच्याकडे सातपुड्यातल्या पाड्यांवरची बाळं येतात, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातली येतात, कापूस वेचणाऱ्यांची येतात. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं. दीड किलोच्या आतलं असलं की आमची धावपळ सुरू. पैसेवाल्या घरातलीही येतात, जुळी असतात, आईचं बीपी वाढलेलं असतं. फक्त त्यांना आणणारी गाडी वेळेवर निघालेली असते.

सातवा महिना लागताना पोटातलं बाळ साधारण किलोभराचं असतं. पुढच्या तीन महिन्यांत ते अडीच-तीन किलोचं व्हायचं. म्हणजे सगळा खेळ शेवटच्या तीन महिन्यांचा. आता आपल्याकडचं वर्ष बघा. ऊसतोडीची टोळी उन्हाळ्यात परतते, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आगेमागे लग्नं लागतात. त्या दिवसांत दिवस राहिले तर सातवा-आठवा-नववा येतो नेमका दिवाळीनंतर. तेव्हाच कापसाची वेचणी असते, आणि तेव्हाच धुळे-नंदुरबारच्या टोळ्या गुजरातेत सुरत-बारडोलीकडे पडावावर, म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामाच्या तळावर, गेलेल्या असतात.

वेचणीला मजुरी किलोवर. कमरेला फडकं बांधायचं, त्यात कापूस भरत जायचा, वाकून वाकून. संध्याकाळी शेतात काटा लागतो. कापसाचं वजन रोज होतं, बाईचं नऊ महिन्यांत दोन-तीनदा झालं तरी नशीब.

उसाचं याहून वाईट. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर घेतलेली, हंगामाआधीच खर्च झालेली, बहुतेक वेळा लग्नातच. बायको खोपीत बसली की टनेज घटतं, उचल फिटत नाही, खाडा पडतो. म्हणून ती बसत नाही. पहाटे उठून भाकरी, मग फड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत. नववा लागला तरी हेच.

आमच्या काही सिस्टर आयांना रागावतात, काही खात नव्हतीस का गं? मला हा प्रश्न अजिबात आवडत नाही. एकीनं सरळ सांगितलं, "खादं ते व्हतं सिस्टर. पन काम कोन करी?" ती कळण्याची भाकरी खात होती, डाळही खात होती, सगळ्यांचं झाल्यावर उरलेली पातळ का होईना. पण खाल्लेलं सगळं फडात जिरत होतं.

गोळ्यांचंही तेच. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५४ टक्के. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, आणि बाई घेत नाही असा ठपका तिच्यावर येतो. अहो, त्या गोळीनं पोट बिघडतं, बद्धकोष्ठ होतं. पडावावर संडास नाही. बाई अंधार पडायची वाट बघते, तोवर पाणीसुद्धा बेतानं पिते. पाणी कमी, लघवी तुंबवलेली, त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, आणि त्यापायी दिवस भरायच्या आत कळा येऊ शकतात. आमच्याकडे कागदावर मात्र 'अपुऱ्या दिवसांचं' एवढंच येतं. भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. तिथे रक्त कमी असण्याचं कारण नुसती लोहाची कमतरता नसते, आधी तपासणी हवी.

माझा मुलगा तीन किलो शंभर ग्रॅमचा झाला. मी काही फार शहाणपणानं वागले नव्हते. मला १८० दिवसांची पगारी रजा होती, आईनं डिंकाचे लाडू पाठवले होते, आणि दुपारी झोपले म्हणून कोणी खाडा मांडत नव्हतं. प्रसूती रजेचा कायदा १९६१ मध्ये आला, २०१७ मध्ये ती २६ आठवडे झाली. कोयत्याच्या हिशेबात ती कुठेच येत नाही.

मातृवंदना योजना आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. पहिल्या खेपेला पाच हजार. त्यातले तीन हजार नोंदणी आणि तपासणीनंतर, दोन हजार बाळाचे पहिले डोस झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार, तेही जन्मानंतर. दुसरा मुलगा झाला तर काहीच नाही. म्हणजे दुसरेपणी ज्या तीन महिन्यांत बाळाचं वजन वाढायचं, त्या महिन्यांत हातात शून्य. त्यातही नोंदणी सासरी, बाळंतपण माहेरी, खातं तिसरीकडे, आधारवरचं आडनाव अजून वडिलांचं, म्हणून पैसे अडकतात ते वेगळंच.

बाळ तगलं की आम्ही ते आईच्या उघड्या छातीशी बांधतो, कांगारू पद्धतीनं. ऊब मिळते, दूध येतं, महागड्या यंत्रानं होणार नाही ते काम होतं. पण त्याला आई रोज कित्येक तास बसायला हवी. वडीलही बांधू शकतात, आणि काही पावरा तरुण फार हौसेनं बांधतात! मग मुकादमाचा फोन येतो. दोन-चार दिवसांत बापाचं तोंड उतरतं, आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर नेतो' असं लिहून अंगठा. आमच्या भाषेत डामा. कार्डावर पत्ता गावचा, बाळ बारडोलीकडे. जन्मानंतर आशाताईंनी घरी जाऊन बघायचे दिवस ठरलेले आहेत, तिसरा, सातवा, चौदावा, असे बेचाळीसाव्यापर्यंत. ती जाते आणि कुलूप बघून येते.

म्हणून आता सुट्टी देताना मी पडावाचं गाव आणि मुकादमाचा नंबर लिहून घेते. एकाला फोन केला तर तो चांगलं बोलला. म्हणाला, बाळाला गोधडी देतो, दूध देतो, पण बाई, कोयता रिकामा किती दिवस ठेवू? त्याच्या डोक्यावर कारखान्याचा हिशेब होता.

मला विचाराल तर सातव्या महिन्यापासून बुडणाऱ्या मजुरीइतके पैसे दरमहा थेट तिच्या हातात द्या. खेप कितवीही असो, मुलगा होवो की मुलगी. यादी नव्यानं करायलाही नको. टोळ्या निघण्याआधी कोणाला कितवा महिना आहे, हे आशाताईंच्या वहीत लिहिलेलंच असतं.