लाइट गेल्यावर कापडात पट्टा का पडतो

आमच्या विट्यात ज्यांच्या घरी कापड विणायचे यंत्रमाग आहेत त्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहितोय. चालू मागाची लाइट गेली, माग थांबला, तासाभरानं लाइट आली आणि हँडल ओढलं की जिथं माग थांबला होता बरोब्बर तिथं कापडात आडवा पट्टा दिसतो. कधी विरळ, कधी दाट. कोऱ्या कापडात तो पटकन कळत नाही, पण रंगून आलं की असा उठतो की गिऱ्हाईक लांबूनच बोट ठेवतंय. मग व्यापारी तागा परत पाठवतो नाहीतर मजुरी कापतो, आमच्यासारखे खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणणारे, गप्प बसतात, आणि कापलेले पैसे शेवटी निघतात मागावरच्या माणसाच्या पगारातनं. तो म्हणतो मी काय केलं, लाइट गेली. आणि खरंय की त्याचं!

आमच्या आण्णांचं यावर एकच म्हणणं, "लेका, ताणून धरलेलं काहीबी असू दे, उभं ठेवलं की सैल पडतंय." मला वाटायचं हे आपलं मागावरचं तत्त्वज्ञान आहे. पुढं इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकताना कळलं की या एका पट्ट्यावर लोकांनी अख्खं संशोधन केलंय. ग्रीनवूड आणि काऊहिग या दोघांनी १९५६ साली यंत्रमागावरच्या कापडाची विणीची रेघ नेमकी कुठं असते आणि का सरकते यावर पेपर लिहिले. विणीची रेघ म्हणजे जिथं शेवटचा आडवा धागा बसलेला असतो ती जागा, तिच्या अलीकडं तयार कापड, पलीकडं नुसता ताणा, म्हणजे ताणून धरलेले उभे धागे.

आता बघा काय होतं. धोटा आडवा धागा टाकून गेला की फणी, म्हणजे उभे धागे जिच्या दातातनं जातात ती पट्टी, येऊन तो धागा रेघेवर ठोकते. आडवा धागा काय सुखासुखी जाऊन बसत नाही, उभ्या धाग्यांच्या खालीवरी वाकत त्याला जागा करून घ्यावी लागते, त्यामुळं तो फणीला विरोध करतो. फणी रेघेला पुढं ढकलते तसा मागं ताण्याचा ताण वाढतो आणि पुढं कापडाचा ताण कमी होतो, या दोन्हीतला फरक त्या विरोधाइतका झाला की धागा बसला. माग सलग चालू असला की हे गणित प्रत्येक ठोक्याला तंतोतंत जुळतं आणि रेघ आपोआप स्वतःची जागा धरून राहते. कोण लावत नाही तिला तिथं. त्या जागेवर ती असली तरच धाग्याधाग्यातलं अंतर सारखं येतं.

माग थांबला की ताणा आणि कापड दोन्ही ताणलेल्या अवस्थेत नुसतेच उभे राहतात आणि दोन्ही हळूहळू सैल पडायला लागतात, पण सारखे नाही. ताणा वेगळा पडतो, कापड वेगळं. मग रेघ एका बाजूला सरकते. फणीपासून लांब सरकली तर चालू केल्यावर विरळ पट्टा, फणीकडं सरकली तर दाट. किती सरकते म्हणाल तर डोळ्याला दिसत पण नाही. इंचाला ५० पिक, म्हणजे आडवे धागे, असलेलं कापड घ्या, दोन धाग्यातलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे रेघ ०.१ मिलिमीटर हलली तरी त्या अंतराचा पाचवा हिस्सा झाला की! हा फरक सगळाच्या सगळा पहिल्या धाग्यावर येत नाही, पुढच्या बऱ्याच धाग्यांवर थोडा थोडा वाटला जातो आणि मग रेघ परत जागेवर येते.

अजून एक, सैल पडणं सुरुवातीला भराभर होतं आणि नंतर मंदावतं. त्यामुळं दहा मिनिटं थांबलेला माग आणि तासभर थांबलेला माग यात सहापट फरक नसतो. पाच मिनिटंच तर गेली होती लाइट, पट्टा कसा पडला, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरं कारण मोटारीचं. थांबलेला माग चालू करताना पहिला ठोका पूर्ण वेगात बसत नाही, कच्चा बसतो, तिथं विरळ पडतं. म्हणून मुरलेला कामगार हँडल ओढायच्या आधी हातानं चाक फिरवून फणी मागं घेतो, म्हणजे ठोक्यापर्यंत वेग यायला तेवढाच वाव मिळतो. आणि लाइट गेल्या गेल्या चाक फिरवून वह्या, म्हणजे उभे धागे वरखाली करणाऱ्या चौकटी, एका पातळीत आणून ठेवतो, नाहीतर तोंड (धोटा जायची उभ्या धाग्यांमधली फट) उघडं राहून काही धागे जास्त ताणात बसतात. हे त्याला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही. नवीन रॅपियर आणि एअरजेट या बिनधोट्याच्या मागांना कॉम्प्युटर किती वेळ थांबलो ते बघून त्या हिशोबानं कापड मागंपुढं घेतो, आमच्या साध्या मागाला तो कॉम्प्युटर म्हणजे हाच माणूस.

आपल्याकडची हवा पण नडते. सुताला दमट हवा लागते, सुती मागाच्या शेडमध्ये ७५-८० टक्के आर्द्रता ठेवा म्हणतात, आणि आमच्या खानापूर तालुक्यातला कोरडा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे. खळ लावलेला धागा कोरड्या हवेत कडक होऊन तुटतो, धागा तुटला की माग थांबवा, थांबवला की परत पट्ट्याची भीती. पॉलिस्टरला हा त्रास कमी, ते पाणी धरतंय किती तर ०.४ टक्के, कापूस साडेआठ.

आता कामाचं. आडवा पट्टा दिसला म्हणजे तो लाइटचाच असं नाही, आणि हे ओळखता येतं. माग थांबल्याचा पट्टा एका बाजूला एकदम सुरू होतो, सुरी फिरवल्यासारखा, आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू विरत जातो, वर सांगितलं तसं रेघ थोडी थोडी जागेवर येते म्हणून. कांडीत, म्हणजे धोट्यातल्या आडव्या सुतात, वेगळ्या काउंटचं (जाडीचं) सूत आलं असेल तर पट्टा दोन्हीकडं सरळ कापल्यासारखा असतो आणि पिक मोजले तर सारखेच भरतात. आणि पट्टा ठराविक अंतरानं परत परत येत असेल तर कापड ओढणाऱ्या गिअरचा दात बघा, जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलवा, कामगाराला नको. पिक ग्लास म्हणजे छोटं भिंग, प्रत्येक व्यापाऱ्याच्या टेबलावर पडलेलं असतं, फक्त मजुरी कापायच्या आधी ते उचलून पट्ट्याच्या दोन्ही कडांवर एकदा ठेवायचं एवढंच.