जीर्णोद्धाराआधी दगड वाचावा

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे गाव आहे. तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधला लेख कोरलेला असून त्यातले ‘वाछि तो विजेया होइवा’, अर्थात जो हे वाचील तो विजयी होईल, हे वाक्य मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव पुराव्यांत गणले जाते. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हा लेख वेगळ्या शिळेवर नसून मंदिराच्या तुळईवर आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण मधल्या हजार वर्षांत एखाद्या भाविकाने चांगल्याच हेतूने ती तुळई बदलली असती, तर आपल्या भाषेचा हा पुरावा कोणाच्याही नकळत गेला असता.

आज धोका आहे तो याच चांगल्या हेतूचा. उपेक्षेने वास्तू हळूहळू ढासळते, पण वर्गणीतून घाईने उरकलेला जीर्णोद्धार काही आठवड्यांत तिचे मूळ रूप पुसून टाकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. गाभाऱ्याला चकचकीत फरश्या, मूर्तींवर आणि वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मृतिशिळांवर, तैलरंगाचे थर, शिखरावर सिमेंटचा गिलावा, आणि निघालेले कोरीव दगड पाराच्या भरावात, असे काम श्रद्धेने केले म्हणून कमी घातक ठरत नाही.

यांत सर्वांत फसवे आहे ते सिमेंट. जुन्या दगडी बांधकामात पाणी मुरतेच. ते चुन्याच्या सांध्यांतून पुन्हा बाहेर पडते आणि भिंत कोरडी होते. हे सांधे सिमेंटने भरले की ओल आतच कोंडते, सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात, आणि ते वाळून फुगू लागले की दगडाचे पापुद्रे सुटतात. त्यांच्याबरोबर नक्षी आणि अक्षरेही जातात. चुन्याचे काम मात्र सबुरीचे आहे. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विझवायची, चुना मुरू द्यायचा, वाळू आणि विटांची भुकटी घालून तो चुन्याच्या घाण्यात दगडी चाकाखाली मळायचा, परंपरेप्रमाणे गुळाचे आणि बेलफळाचे पाणी मिसळायचे, आणि सांधे भरल्यावर ते बरेच दिवस ओले राखायचे. हे हाताने जाणणारे गवंडी आता शोधावे लागतात, आणि त्यांना नियमित काम मिळाले नाही तर पुढच्या पिढीत ते शोधूनही मिळणार नाहीत.

वास्तूला काही जोडण्यापेक्षा नंतर चढवलेले काढून टाकणे अनेकदा अधिक हिताचे असते, हे आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला दिसले. २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यातून नंतरच्या काळात बसवलेला संगमरवर, ग्रॅनाइट आणि चांदी उतरवण्यात आली आणि आतला जुना दगड पुन्हा दृष्टीस पडला. सोलापूरपासून फार लांब नसलेल्या नळदुर्ग किल्ल्यातही, जिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, स्मारकाची देखभाल बाहेरच्या संस्थेकडे सोपवणाऱ्या राज्य शासनाच्या संगोपन योजनेतून मोठे काम झाले.

संरक्षित स्मारकांना निदान कायद्याचे कवच आहे. सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्र शासनाच्या संरक्षणाखाली असल्यामुळे त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. गावोगावच्या बारवा, गढ्या, वीरगळ आणि लहान मंदिरे मात्र बहुतांशी कोणत्याच यादीत नाहीत, आणि मला काळजी वाटते ती त्यांची.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. जीर्णोद्धाराचा ठराव करणाऱ्या प्रत्येक मंदिर समितीने पहिला दगड हलवण्याआधी खांब, तुळया आणि ओटा यांची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. अक्षरे दिसली तर ती खडूने किंवा रंगाने भरू नयेत, जाणकाराला बोलावून ओल्या कागदावर शाईचा ठसा घ्यावा, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत व एक पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात पोहोचवावी. कंत्राटदाराला कामाचा आदेश देण्याची तारीख त्यानंतरच ठरवावी.