सव्वादोन मीटर रबरासाठी सहा आठवडे

ज्या टेम्पोचे इंजिन सीटखाली असते तो जुना विकत घेताना माणूस टायर पाहतो, धूर पाहतो, कागदपत्रे पाहतो. पण सीट उचलून इंजिनवरच्या झाकणाची कड कोणी पाहत नाही. मीही पाहिली नव्हती. फेब्रुवारीत मी असाच एक दोन सिलिंडरचा डिझेल टेम्पो घेतला. फॉर्म २९ आणि ३० भरून तो नावावर झाला, विमा झाला, पीयूसी झाली. त्या कामांत काही अडले नाही. जे अडले ते पुढे अडले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

अंबड तालुक्यातील आमच्या गावाहून जालन्याच्या बाजाराला जाऊन-येऊन ७० किलोमीटर पडतात. पहाटे मोसंबी किंवा भाजीपाल्याची कॅरेट भरून निघायचे आणि माल उतरवून दुपारी परतायचे, असा आमचा क्रम आहे. मार्चपर्यंत काही जाणवले नाही. एप्रिलमध्ये मात्र परतीच्या वाटेवर शेजारी बसलेली माझी पत्नी पाय वर घेऊन बसू लागली. एक दिवस ती म्हणाली, "अहो, गाडी सावलीला घ्या जरा, पोटऱ्या भाजायला लागल्यात." हे वाक्य तिला दोनदा ओरडून सांगावे लागले, कारण केबिनमध्ये शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नव्हते. शेतातल्या आखाड्यावरचा साधा तापमापक मी दुसऱ्या दिवशी तिच्या पायाजवळ बांधला. बाहेर ४१ अंश असताना तो ५५ दाखवत होता. फोनवर आवाज मोजायचे एक ॲप असते, त्यात ताशी ५० किलोमीटर वेगाला ९१ डेसिबल आले. फोनचा आकडा खरा धरू नये. परंतु तोच फोन, तोच रस्ता आणि तोच वेग ठेवला, तर आधीचा आणि नंतरचा फरक त्यातून नीट कळतो.

पहिला उपाय मी चुकीचा केला. छताची गळती थांबवण्यासाठी चंदेरी पाठीची जी डांबरी चिकटपट्टी मिळते, ती आणून झाकणाच्या आतल्या बाजूने लावली. आठ दिवसांत डांबर मऊ होऊन ओघळू लागले, त्याचा वास केबिनमध्ये भरला आणि एक तुकडा सुटून इंजिनवर पडला. तो सायलेन्सरच्या पाइपवर पडला असता तर गाडी पेटूही शकली असती. मराठवाड्याच्या उन्हात डांबरी पट्टी इंजिनच्या आसपास लावूच नये. पत्र्याची झणझण थांबवायची असेल तर ब्युटाइल रबराच्या पट्ट्या मिळतात, त्या इंजिनपासून दूर, दाराच्या आणि मागच्या पत्र्याला लावाव्यात. सगळा पत्रा झाकण्याचीही गरज नसते. मधला तिसरा हिस्सा झाकला तरी पुरतो.

खरे निदान अंबडच्या आमच्या मिस्त्रींनी केले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी रात्री झाकण बंद करून, खालून इंजिनच्या बाजूला टॉर्च पेटवून ठेवला आणि मला केबिनमध्ये अंधारात बसवले. झाकणाच्या दोन बाजूंनी उजेडाची सरळ रेघ दिसत होती. गिअरच्या दांड्याभोवती आणि ॲक्सिलरेटरची केबल जिथून येते त्या भोकातूनही उजेड येत होता. चाचा म्हणाले, "जिथून उजेड येतो, तिथूनच गरम हवा येते अन् आवाजही तिथूनच येतो. आधी हे बंद करा." झाकणाभोवतीचे रबर कडक होऊन चिरले होते आणि एका कडेला ते नव्हतेच.

ही गोष्ट मला नंतर अधिक समजली. झाकणाच्या क्षेत्रफळाचा केवळ शंभरावा भाग उघडा राहिला, तरी बाकीचे झाकण कितीही जाड केले तरी आवाज २० डेसिबलपेक्षा अधिक अडत नाही. उष्णतेचेही तसेच आहे. गाडी पळत असताना रेडिएटरमधून आलेली हवा इंजिनवरून तापून जाते आणि फट मिळाली की केबिनमध्ये घुसते. खिडक्या उघड्या असतील तर बाहेरचा वारा केबिनमधली हवा ओढून घेतो आणि फटीतून आणखी गरम हवा वर येते. काच खाली करूनही पाय का भाजतात, हे कोडे मला तेव्हा उलगडले.

म्हणजे हवे होते ते सव्वादोन मीटर लांबीचे एक रबर. ते मिळवण्यासाठी मी जालन्यातील सुट्या भागांच्या एका अधिकृत काउंटरवर गेलो आणि तिथेच माझे सहा आठवडे गेले.

काउंटरवरच्या मुलाने गाडीचा नंबर विचारला, नोंदणीचे वर्ष पाहिले, संगणकात काहीतरी भरले आणि ५०० रुपये आगाऊ घेऊन पावती दिली. "दादा, गुरुवारी माल येतो, गुरुवारी या," असे तो म्हणाला. मी गुरुवारी गेलो. माल आला होता, माझे रबर नव्हते. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो. या वेळी पाकीट आले होते, पण पूर्ण पैसे भरल्याशिवाय ते उघडता येणार नव्हते. पैसे भरून घरी आणले, लावून पाहिले, तर ते १५ सेंटीमीटर आखूड होते आणि त्याची खाचही झाकणाच्या कडेपेक्षा अरुंद होती. दोन दिवसांनी ते परत घेऊन गेलो, तर विकलेला माल परत घेतला जात नाही, असे पावतीच्या मागे छापलेले मला दाखवण्यात आले.

मी तिथून हललो नाही. चूक माझी नसताना मी ६४० रुपये का सोडावेत, हे मी शांतपणे, पण पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. शेवटी आतून एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी माझी आरसी घेतली, चासी नंबर संगणकात भरला आणि पाच मिनिटांत सांगितले की माझ्या गाडीच्या रबराचा पार्ट नंबरच वेगळा आहे. गाडीची नोंदणी २०१६ची असली तरी तिचे उत्पादन २०१५च्या अखेरीचे होते आणि मधल्या काळात झाकणाचा आकार बदलला होता. उत्पादनाचा महिना माझ्या आरसीवर छापलेला होता. नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना या दोन गोष्टी आरसीवर स्वतंत्र असतात. पहिल्या दिवशी तो एक रकाना कोणी वाचला असता, तर माझ्या तीन फेऱ्या, २१० किलोमीटरचे डिझेल आणि बाजाराचे तीन दिवस वाचले असते. मला चीड येते ती याच गोष्टीची. माल शिल्लक नसणे मी समजू शकतो. पण समोर ठेवलेला कागद न वाचता शेतकऱ्याला चार वेळा ७० किलोमीटर चालवायला लावणे मला समजत नाही.

आखूड रबराचे पैसे नव्या मागणीत वळते करून घेतले आणि आठ-दहा दिवसांचा वायदा मिळाला. बाराव्या दिवशी पाचवी फेरी झाली, तेव्हा वरूनच माल आलेला नव्हता. त्यानंतर दोन आठवडे मी रोज सकाळी फोन करत होतो. तो मे महिना होता. दुपारी ४२ अंशांत त्या केबिनमध्ये बसणे पत्नीला अशक्य झाले, म्हणून ती एसटीने परत येऊ लागली आणि रिकामी कॅरेट उतरवायला मी एकटाच उरलो. जुन्या गाडीच्या भागासाठी काउंटरवर जाणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो की गाडीचा नंबर सांगू नका, अक्षरे आणि अंक मिळून सतरा खुणांचा चासी नंबर सांगा, तो तुमच्यासमोर भरायला लावा आणि निघालेला पार्ट नंबर पावतीवर लिहून घ्या.

मेच्या शेवटी, बाजारातून परतताना, ट्रकच्या केबिन बांधणाऱ्यांच्या एका दुकानासमोर मी थांबलो. तिथे दाराच्या कडेला बसवायची रबराची पट्टी मीटरने मिळत होती. आत धातूची पकड आणि बाहेर पोकळ फुगवटा अशी तिची घडण होती. जुन्या रबराचा चार बोटांचा तुकडा मी खिशात ठेवलेला होताच. दुकानदाराने कडेची जाडी मोजली, फुगवटा किती दबेल ते पाहिले आणि अडीच मीटर कापून दिले. इंजिनजवळ टिकेल असे म्हणजे ईपीडीएम रबर आहे ना, एवढे मी विचारून घेतले. तीनशे रुपयांच्या आत काम झाले.

ते रबर मी घरीच बसवले. कड घासून, डिझेलचा ओशटपणा पुसून घेतला आणि जोड मागच्या बाजूला, बसणाऱ्यांच्या पायांपासून दूर ठेवला. झाकण बंद करताना चारही बाजूंना कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली. एका कोपऱ्यात ती सहज निघत होती, म्हणून तिथला खटका थोडा वाकवून घट्ट केला. केबलच्या भोकाला ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेत बसणारे रबरी कडे, लावले आणि गिअरच्या दांड्याचे फाटलेले रबरी बूट बदलले.

त्यानंतरच्या फेरीला बाजारातून परत येताना पत्नी शेजारी बसली होती आणि शहागडचा कांदा काय भावाने गेला, हे तिने मला साध्या आवाजात विचारले. एप्रिलपासून केबिनमध्ये आमचे असे बोलणे झाले नव्हते. तापमापक ४६ दाखवत होता आणि ॲपमध्ये ८४ आले. डेसिबलमध्ये १०ची घट म्हणजे कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, त्यामुळे सातची घटही थोडी नाही.

यानंतरची कामे झपाट्याने झाली. इंजिन ज्यांवर टेकते ती माउंटिंगची रबरे दगडासारखी झाली होती, ती चाचांनी बदलली आणि स्टिअरिंगची थरथर गेली. सायलेन्सरचा पाइप आणि फरशीचा पत्रा यांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला. तो वॉशर घालून, मध्ये बोटभर मोकळी जागा राहील असा बसवावा. फरशीला चिकटवला तर पाइपची उष्णता परतवण्याऐवजी तो ती वर पोहोचवतो. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ अडकली होती, ती इंजिन थंड असताना आतून बाहेर पाणी मारून काढली.

एक गोष्ट खरे तर सर्वांत आधी लिहायला हवी होती. माउंटिंग बदलताना चाचांना सायलेन्सरच्या जोडावर काजळीचा काळा डाग दिसला. तिथले गॅस्केट, म्हणजे जोड घट्ट बंद ठेवणारी चकती, फुटले होते आणि धूर खालून केबिनमध्ये येत होता. पत्नीचे डोके उन्हाने दुखते असे आम्ही दोन महिने समजत होतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे तो नाकाला कळत नाही. सकाळी गाडी थंड असताना चालू केल्यावर फटफट असा आवाज येत असेल आणि तापल्यावर तो कमी होत असेल, तर हा जोड आधी तपासावा, रबर आणि पत्रे नंतर. गॅस्केट बदलल्यापासून तिची डोकेदुखी थांबली आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला पाऊस होऊन गेल्यावर, काउंटरवरून फोन आला की रबर आले आहे. मी जाऊन ते घेतले, या वेळी पाकीट उघडून, मोजून घेतले. ते बरोबर सव्वादोन मीटर आहे. ट्रकचे रबर अजूनही चांगले आहे, म्हणून हे आखाड्यावर उंदीर पोहोचणार नाहीत अशा खुंटीला गुंडाळून ठेवले आहे आणि त्याचा पार्ट नंबर आरसीच्या झेरॉक्सच्या मागे लिहिला आहे.