चिकलठाणा ते हिथ्रो : अंतर किती, वेळ किती आणि तो जातो कुठे

छत्रपती संभाजीनगरहून लंडनला थेट विमान नाही. नकाशावर सरळ मोजलं तर इथला चिकलठाणा विमानतळ ते लंडनचा हिथ्रो सुमारे ७,३२० किलोमीटर. मुंबईमार्गे २८० अधिक ७,२१०, म्हणजे ७,४९०. दिल्लीमार्गे ९८० अधिक ६,७३०, म्हणजे ७,७१०. दोन्ही मार्गांत फरक सव्वादोनशे किलोमीटरचा, विमानाच्या हिशेबात पंधरा मिनिटांचा. त्यामुळे मार्ग अंतरावरून ठरवू नका. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं आडवं येतं. शिवाय एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाताना वळसा पडू लागला. आमच्या मते मुंबईच बरी.

ताशी ९०० किलोमीटरने मुंबई-लंडन आठ तासांत व्हायला हवं, पण तिकिटावर साडेनऊ-दहा तास दिसतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं, ठरलेल्या हवाई मार्गांची वळणं यात वेळ जातोच. त्यात उंचावरचे पश्चिमी वारे समोरून येतात. परतताना तेच वारे पाठीशी असतात, म्हणून तासभर वाचतो. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. मुंबईहून दुपारी १ला निघालेलं विमान साडेनऊ तासांनी उतरलं, तर हिवाळ्यात लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे ५ वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात ६. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात.

खरी गडबड होते ती मुंबई गाठण्यात. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच तिकिटावर घ्या. चिकलठाण्याच्या काउंटरवर बॅगेला लावलेला टॅग स्वतः वाचा. त्यावर शेवटचं ठिकाण ‘एलएचआर’ (हिथ्रो) हवं, ‘बीओएम’ (मुंबई) असेल तर तिथेच विचारा. वेगवेगळी तिकिटं काढली की मुंबईत बॅगा उचला, बाहेर या, टर्मिनल एकवर उतरला असाल तर रस्त्याने टर्मिनल दोन गाठा आणि पुन्हा रांगेत उभे राहा. देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलो सामान चालतं, परदेशच्या तिकिटावर २३ किलोची बॅग. वरच्या किलोंचे पैसे चिकलठाण्यालाच भरावे लागतात. एका पीएनआरवर मध्ये तीन तास पुरतात, वेगळ्या तिकिटांवर किमान सहा ठेवा. मुंबईची विमानं मोजकीच आहेत, एक रद्द झालं की लगेच दुसरं मिळत नाही. तिकिटावर नवी मुंबईचा ‘एनएमआय’ आहे का तेही पाहा. तो विमानतळ पार खाडीपलीकडे आहे.

रस्त्याने जायचं तर जून २०२५पासून समृद्धी महामार्ग थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला आहे. तिथवर गाडी सुरळीत जाते. पुढे भिवंडी-ठाण्याच्या कोंडीसाठी दोन तास वेगळे धरा. देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघालात तर ठाण्याला किंवा दादरला उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटं येऊ नका.

नांदेड, देगलूर, उदगीरकरांनी मात्र मुंबईचा हट्ट सोडावा. हैदराबाद ते हिथ्रो सुमारे ७,७५० किलोमीटर आहे आणि थेट विमान मिळतं. हवेतला पाऊण तास वाढतो, पण नांदेडहून हैदराबादचा शमशाबाद विमानतळ चार-पाच तासांत गाठता येतो. मुंबईला त्याच्या दुप्पट वेळ लागतो.