फक्कीची होडी

आमच्या शाळेच्या मैदानावर होडी होती, हे नंतरच्या बॅचच्या मुलांना खरं वाटणार नाही. शनिवारी सकाळी पी.टी.च्या तासाला रोइंग, म्हणजे वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यतीचा खेळ, शिकवायला सर ती फक्कीने आखायचे. लांबी साठ फूट, रुंदी जेमतेम दोन फूट. "आठ जणांची खरी होडी एवढीच असते रे!" त्या पांढऱ्या रेघांत आम्ही एकामागे एक बसायचो, हातात वल्ह्यांऐवजी कवायतीच्या काठ्या, जायचं त्या दिशेला पाठ करून. पुढे बघणारा एकटा नववा. सुकाणू त्याच्याकडे, तालही तोच देणार. आधी पाय ताणायचे, मग पाठ, शेवटी हात. जोर पायांत असतो, हे सर मांडीवर थाप मारून सांगायचे.

पैठणला राहून आम्ही पाण्याला भ्यायचो. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पोरं आम्ही. नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडे, जायची घरून सक्त मनाई. सरांना ते खटकायचं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची 1829 मधली पहिली शर्यत हॅरो शाळेतल्या दोन मित्रांनी ठरवली, एक इकडे शिकत होता, दुसरा तिकडे, ही गोष्ट त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितली असेल. इंग्लंडमधल्याच ईटनच्या मुलांना थेम्स नदी जवळ होती, म्हणून त्यांच्या शाळेत हा खेळ रुजला. "मग आपल्याला काय कमी आहे?" असं विचारून ते धरणाकडे हात करायचे.

पुढे पुण्याला अभियांत्रिकीला गेलो. तिथल्या कॉलेजची रिगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, 1928 पासूनची. बोट क्लबवर पहिल्याच दिवशी वल्हं पाण्यात अडकलं आणि दांडा छातीत बसला, पण पायांची लय मात्र मैदानावरचीच निघाली.

रोइंगपटू दत्तू भोकनळ नाशिककडच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे, आपल्यासारख्याच टंचाईच्या मुलखातले. विहिरी खणणारे हात. वल्हं हाती आलं ते सैन्यात गेल्यावर. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये ते तेरावे आले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण मिळालं. हेच वल्हं शाळेत हाती आलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. जायकवाडी 1976 मध्ये पूर्ण झालं. एवढी वर्षं ते पाणी शाळेसमोर आहे.

आमची बॅच शाळेला सरावाची दोन रोइंग मशीन देणार आहे. पोहायला शिकवायची जबाबदारीही आम्ही घेतली आहे. त्याशिवाय कोणी होडीत बसायचं नाही.

आमच्या बॅचच्या सोहळ्याला सर येणार आहेत. फक्की मी आणतो. आठ काठ्या तेवढ्या कोणीतरी घेऊन या.