किती देतात?

वहिनी हाताला खोबरेल चोपडून अळू चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "किती देतात रे तुला ह्याचे?" मी मोबाईलवरच होतो, आमच्या ग्रुपवर. म्हटलं, काही नाही. ती नुसतं "अच्छा" म्हणाली आणि देठं सोलायला लागली.

दोन दिवस ते "अच्छा" कानातून जात नाही. हसली असती तर परवडलं असतं.

गोव्यात चवथीला गणपतीवर रानफळं टांगतात ती माटोळी. सहा वर्षं हा माटोळीचा ग्रुप सांभाळतोय. पाववाल्या पोदेराचा पोंपों ऐकू येतो तेव्हा मी अंथरुणातूनच जुगाराच्या ॲपच्या पोस्टी उडवत असतो. तसल्याच ॲपची जाहिरात, ग्रुप जिच्या साइटवर आहे ती कंपनी पैसे घेऊन मध्ये दाखवते, ती मात्र मला उडवता येत नाही. परवा कुणीतरी कवंडळाचा फोटो टाकला, खाली एकाने लिहिलं, 'मस्त भाजी होते.' विषारी फळ ते! माटोळीला टांगायचं, पोटात नाही घालायचं. रात्री साडेअकराला ते पुसलं, त्याला समजावलं, वर शिव्या खाल्ल्या. ताट झाकलेलंच. आईही जागी होती.

सेवा म्हणावी तर देव कुठला? बाबा कोमुनिदादीचा, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचा, वर्षाचा वाटा आणायला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. जाण्यायेण्यातच संपायचा तो, पण गावकार म्हणून नाव पुकारलं जायचं. मला कंपनीने एक बिल्ला दिलाय. निळा. मोबाईलच्या पडद्यावर.

अमेरिकेत एओएल ह्या इंटरनेट कंपनीच्या चॅटरूम बिनपगारी सांभाळणाऱ्यांनी १९९९ मध्ये मजुरीसाठी दावा लावला. त्यांना निदान इंटरनेट फुकट किंवा स्वस्तात मिळायचं. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटलं. अकरा वर्षं! आणि आपण इथल्या कोर्टांना नावं ठेवतो. मी काय दावा लावणार, मला साधं "अच्छा"ला उत्तर सुचलं नाही.

आणि खरं सांगायचं तर पगार मिळतो तिथे मी पाचच्या ठोक्याला उठतो. कंपनीने उद्या पैसे सुरू केले तर साडेअकराला कवंडळ कोण पुसणार? मी तर नाही.

आत्ता वहिनीनेच हाक मारली. "माटोळीला घागऱ्यांच्या शेंगा कुठे मिळतील, विचार बघू तुझ्या त्या लोकांना." विचारलं. चार मिनिटांत तीन उत्तरं. एक माशेलच्या बाजाराचं, भावासकट. दुसऱ्याने फोटो टाकलाय, पण आडवा.

सरळ करून टाक म्हणून कळवलंय. वाट बघतोय.