तुम्ही विचारलंत म्हणून: हॉटेलात सगळं फुकटच असतं ना?

बारसं असो, बारावं असो, कुणीतरी विचारतंच. परवा मावशीने विचारलं, त्याआधी बँकेतल्या बाईंनी, आणि रिक्षावाल्याने तर मीटर टाकायच्या आत. "पंचतारांकितमध्ये होता? मग खाणं फुकट, राहणं फुकट, पगार सगळा शिलकीत!" अकरा वर्षं मी यावर हसले. नोकरी सोडूनही आता बरेच दिवस झाले, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते. पुढच्या बारशाला मोबाइल पुढे करीन.

खाणं फुकट होतं, हे खरं. पण तुमच्या डोळ्यांपुढे येतं ते जेवण आमचं नव्हतं. तळघरात, लाँड्रीच्या शेजारी स्टाफ कॅफेटेरिया. तिथला स्वयंपाक वेगळा: राजमा, अंडाकरी, पातळ डाळ, आणि रविवारी चिकन म्हणून रांग. वरच्या बफेतलं उरलेलं आम्हाला मिळतं असं सगळ्यांना वाटतं. उरलेलं टाकलं जातं. आमच्या किचनमधल्या एका पोराने बफेवरून परत आलेली दोन क्रोसाँ, म्हणजे लोण्याचे फ्रेंच पाव, खिशात घातली होती. टाइम ऑफिसच्या दारात, जिथे रोज घरी जाताना आमच्या बॅगा उघडत, तिथे ती सापडली आणि पोरगं घरी गेलं. कायमचं. जी क्रोसाँ त्याने स्वतःच्या हाताने कचऱ्यात ओतायची, तीच खिशात घातली तर चोरी. नियम मला समजतो. मी मॅनेजर झाल्यावर तोच नियम मीही राबवला. तरी ती क्रोसाँ विसरता येत नाहीत.

राहणं मुंबईत फुकट नव्हतं. मरोळला एका खोलीत चौघी, माणशी तीन हजार. २०१२ मध्ये माझ्या हातात ९,२०० पडायचे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. नोकरी लागल्याचा फोन केला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "बेसिक किती?" मूळ पगाराचा आकडा मला सांगता येईना. मी यादी वाचली: दोन वेळचं जेवण, गणवेश आणि त्याची धुलाई, रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडायला गाडी, समूहाच्या कुठल्याही हॉटेलात वर्षाला चार रात्री मोफत, रेस्टॉरंटमध्ये निम्म्या दरात जेवण. ते म्हणाले, "ते झालं. बेसिक?" मला राग आला होता. यांना जगच माहीत नाही, असं वाटलं होतं.

त्या बावीस वर्षांच्या मुलीशी मी अजून भांडते. तिला सांगते, अगं, आपल्या वेळी पीएफ बेसिकवर कापायचे. ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजायचे: शेवटचं बेसिक गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. त्या हिशेबात राजमा कुठेच येत नव्हता. २०२३ मध्ये सोडलं तेव्हा माझं बेसिक १४,५०० होतं, बाकी सगळे भत्ते. अकरा वर्षांचे ९२,०१९ रुपये मिळाले. घराच्या कर्जासाठी गेले तेव्हा अधिकाऱ्याने उत्पन्नाचा पुरावा मागितला. मोफत रात्रींची कुपनं काही त्याला दाखवता येत नव्हती.

ती मुलगीही गप्प बसत नाही. ती म्हणते, त्या राजम्यामुळेच तू महिन्याला दोन हजार घरी पाठवू शकलीस. त्या वर्षी मुंबईत तुला दोन वेळा पोटभर जेवायला दुसरं कोण घालणार होतं? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता गोव्याचं सांगते. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले.

फेब्रुवारी २०१९. आई-बाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. बाबा निवृत्त झाले होते. आमच्या समूहाचं दक्षिण गोव्यात समुद्रावर हॉटेल होतं आणि माझ्या दोन रात्री शिल्लक होत्या. नाताळच्या, दिवाळीच्या, लाँग वीकएंडच्या तारखा स्टाफला बंद असत, म्हणून बुधवार-गुरुवार मिळाले. आई-बाबा कऱ्हाडहून एसटीने आले. दुसरं काही बाबांना चालतच नाही. मी मुंबईहून गेले. खोली तीनला मिळायची ती सहाला मिळाली, कारण आधी पैसे देणारे पाहुणे. तेही मला समजतं. आई-बाबा लॉबीत पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. आईने पिशवी खाली ठेवली नाही, फरशी फार चकचकीत होती म्हणे.

साडेसातला आम्ही किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये जाणार होतो. आईने नवी साडी नेसली होती. तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. तिथले बँक्वेट मॅनेजर, म्हणजे मेजवान्या सांभाळणारे सर, मुंबईत माझे सीनियर होते, त्यांनीच मला ट्रे धरायला शिकवलं होतं. लॉनवर दिल्लीच्या कुणाच्या तरी लग्नातला संगीताचा कार्यक्रम होता, साडेतीनशे माणसं, आणि कंत्राटदाराची आठ पोरं आलीच नव्हती. "दोनच तास गं. तू आहेस म्हणून विचारतोय."

मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही, हे मला स्वच्छ लिहायचं आहे. फुकट राहतोय, मग नाही कसं म्हणायचं, हा विचार माझाच होता. लिनन रूममधून काळी पँट, पांढरा शर्ट आणि दोन मापं मोठा वेस्टकोट मिळाला. आई-बाबांना म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, मी आलेच.

पावणेबारापर्यंत मी लॉनवर होते. स्टार्टर फिरवले, मग उष्ट्या प्लेटा उचलल्या. आई-बाबा जेवलेच नव्हते. रेस्टॉरंटच्या दारात इंग्रजीत विचारलं म्हणून परत फिरले, आणि दहाच्या सुमाराला मला शोधत लॉनच्या कुंपणापाशी आले. सिक्युरिटीच्या पोराने अगदी आदबीने विचारलं, "अंकल, आप किस साइड से हैं? लड़कीवाले या लड़केवाले?"

बाबा म्हणाले, "स्टाफ."

त्याने त्यांना मागच्या दाराची वाट दाखवली. हे मला त्याच पोराने नंतर हसत हसत सांगितलं, मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच: मेंदीच्या कुंपणापलीकडे दिव्याखाली बाबा उभे, मागे आई पदर सावरत, आणि माझ्या खांद्यावरच्या ट्रेवर वीसेक उष्ट्या प्लेटा. मी हात हलवू शकले नाही. मान हलवली. बाबांनीही मान हलवली, डबल बेल देताना ड्रायव्हरकडे बघून हलवायचे तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची खोली बदलली. समुद्राकडची, मोठी, बाल्कनीवाली. टेबलावर केक, त्यावर आई-बाबांची नावं. खाली सरांची चिठ्ठी, धन्यवादाची. आई इतकी खुश झाली की बाल्कनीतला तो फोटो अजून तिच्या व्हॉट्सअॅपला आहे. माझाही रात्रीचा सगळा शीण गेला. खोटं कशाला बोलू?

बाबा केक खात म्हणाले, "रातच्या चार तासांच्या ओव्हरटायमावर सही कोण करणार?"

"बाबा, ही खोली एका रात्रीची बावीस हजार आहे."

"आज विकली गेली असती का?"

गुरुवार होता. हॉटेल निम्मं रिकामं होतं. मी म्हटलं, नाही.

"मग रिकामी सीट होती, बसवलं," बाबा म्हणाले आणि दुसरा तुकडा घेतला.

हॉटेलचं अर्थकारण मी तीन वर्षं शिकले होते. न विकलेली खोली सकाळी नासते, आजची रात्र उद्या विकता येत नाही, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण माझी ती यादी म्हणजे सगळ्या रिकाम्या सीटच आहेत, हे मला कळलं नव्हतं. मला द्यायला मालकाला चादरी धुण्याचा आणि विजेचा खर्च. माझ्याशी हिशेब करताना मात्र भाव बावीस हजार. पगारात हजार रुपये वाढवायचे तर ते दर महिन्याला खरोखर द्यावे लागतात.

बाबांना हे ठाऊक असायचं कारण आमच्याकडेही एसटीचा फुकट प्रवासाचा पास होता. लहानपणी तुळजापूर, अक्कलकोट सगळं त्या कुटुंब पासावर केलं. बाबा कधीच बरोबर नसायचे. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटत, तेव्हा त्यांची सुट्टी बंद. ज्या दिवशी प्रवास करावासा वाटे, त्याच दिवशी ते डबल ड्युटीला. २०२१-२२ च्या एसटी संपात आमच्या गल्लीतही लोक म्हणत होते, यांना तर प्रवास फुकट, अजून काय पाहिजे? बाबांनी तेव्हा चहाच्या टपरीवर जाणं सोडलं होतं.

आमच्या ट्रेनिंगमध्ये डिस्नेचं नाव सारखं निघायचं. तिथे नोकराला नोकर म्हणत नाहीत, कास्ट मेंबर म्हणतात, पार्कात प्रवेश मोफत, बघा किती आनंदी! कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या त्याच कास्ट मेंबरांनी जुलै २०२४ मध्ये संपाच्या बाजूने कौल दिला आणि त्यानंतरच्या करारात किमान दर तासाला २४ डॉलरवर नेला. ज्यांना मिकी माउस रोज फुकट दिसतो, त्यांनी घरभाडं मागितलं. हा भाग कुठल्याही ट्रेनिंगच्या स्लाइडवर पाहिलेला नाही.

आणि सर्व्हिस चार्ज. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात आपोआप लावायला मनाई केली, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ग्राहक म्हणून तुमचं बरोबरच आहे. पण आमच्याकडे त्या पैशाची स्टाफमध्ये वाटणी महिन्याला व्हायची आणि ती रोख असायची. २०२२ मध्ये तुम्ही टाळ्या वाजवत होता तेव्हा माझ्या हाताखालची मुलं आकडेमोड करत होती.

हे वाचून तुम्ही म्हणाल, एवढा त्रास होता तर अकरा वर्षं काढलीस कशाला? कारण मला ते काम आवडायचं. साडेतीनशे माणसांचं जेवण गरम आणि वेळेवर निघालं की जी झिंग येते, तिच्यावर मी बराच पगार सोडला असेन. मालकाला हेही ठाऊक असतं. आणि गोव्यानंतरही दर वर्षी मी त्या चार रात्री घेतल्या, एकही वाया घालवली नाही. बाबा नंतर आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले.

आता मी साताऱ्याजवळच्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालकांना मीच भेटते. गेल्या जूनमध्ये कोरेगावकडच्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. फीचा कागद तीनदा वाचला, मग हळूच विचारलं, "मॅडम, नोकरी लागल्यावर जेवणाखाण्याचं त्यांच्याकडेच असतं ना?"

"असतं," मी म्हटलं. पुढे बेसिकचं सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी मुलाकडे वळून त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं.